धरून ठेवलेली जागा

१

सकाळी मी वरचं कुलूप काढतो तेव्हा खाली गाल्यांमध्ये माल उतरायला लागलेला असतो. आमच्या वडपे गावात गोदामाच्या एकेका खणाला गाला म्हणतात. खाली सगळे गालेच आहेत आणि वर एक लांबच लांब मजला. वर जायला बाहेरून लोखंडी जिना. त्या जिन्यावर कोण चढतंय ते पायाच्या आवाजावरून मला कळतं, इतकी वर्षं मी तिथे आहे.

पूर्वी हा मजला एकाच कंपनीकडे होता. ट्रकांचा हिशेब ठेवणारी कंपनी. प्रत्येकाचं टेबल ठरलेलं. टेबलाच्या खणात ज्याचा त्याचा देव, ज्याची त्याची तंबाखू, खुर्चीच्या पाठीवर ज्याचा त्याचा टॉवेल. मी झाडलोट आणि चहापाणी बघायचो. ते सगळे मला मामा म्हणायचे. साहेबापासून पोऱ्यापर्यंत मी मामाच.

मग करोना आला आणि एक दिवस दुपारीच सगळ्यांना घरी जायला सांगितलं. माणसं पिशव्या भरून उठली. "येतो मामा, येतो मामा," करत एकेक जण जिना उतरला. आपल्यात निघताना 'जातो' कोणी म्हणत नाही. मीही दारात उभा राहून प्रत्येकाला 'या' म्हटलं.

ती कंपनी परत आली नाही. सामान न्यायलासुद्धा टेम्पोवाले आले, माणसं नाही. कोण वाचलं, कोण गेलं, मला कोणी सांगितलं नाही. मी कोणाला विचारणार होतो?

मजला बरेच दिवस रिकामा पडला. मग मालकाचा मुलगा भूपेश एकदा वर येऊन उभा राहिला. मोबाईलवर काहीतरी बघत म्हणाला, "राघोकाका, आता रोजचं हाफिस कोणालाच नको. कोणाला आठवड्यात दोन दिस पायजे, कोणाला नुसती सकाळ. आपण टेबल भाड्यानं द्यायचं. आज हा बसंल, उद्या तो."

"आणि खणात काय ठेवायचं?"

"खण न्हायच टेबलाला. संध्याकाळी सगळं उचलून न्यायचं."

तसं झालं. नवी टेबलं आली, नव्या खुर्च्या आल्या, सगळ्या एकसारख्या. दिवे शहाणे बसवले. खाली माणूस हलला की लागतात, कोणी हललं नाही की आपले आपण विझतात. लॅपटॉपवरची माणसं इतकी गप्प बसतात की दिवसातून कितीतरी वेळा एखाद्या रांगेवरचा दिवा विझतो आणि कोणीतरी ओरडतो, "हात हलवा रे!" मग सगळी रांग हात वर करून हलवते. पहिल्यांदा मला वाटलं मलाच बोलावतायत. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो.

२

माझी नात भावना ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला लागली. औषधाच्या बिलांचं काहीतरी बघते. कंपनी म्हणाली, इकडे यायची गरज नाही, कुठेही बसा. घरी बसायला गेली तर वीज जाते, आणि वीज असली तर आमच्या ओटीवर बायका येऊन बसतात. तेव्हा ती आमच्या मजल्यावर येऊ लागली. सकाळी मी पुढे जायचो, मागून ती यायची. घरातून निघताना तिच्या आईला आणि मला दोघांना हाक मारून सांगायची. मी आधी निघून गेलेलो असलो तरी सांगायची, म्हणे सवय.

तिला अजून कायम केलेलं नव्हतं. रोज मॅडमबरोबर व्हिडिओवर बोलणं असायचं आणि तिथेच घोळ व्हायचा. आधी येईल त्याला चांगली जागा. भावना घरचं आवरून येईपर्यंत सगळ्या चांगल्या जागा गेलेल्या असायच्या. उरायची ती संडासाच्या दारापाशी.

"मॅडमनं सगळ्यांसमोर विचारलं," एकदा जेवताना ती म्हणाली, "भावना, तू नक्की बसलीस कुठं? मागं कोणीतरी पाणी ओढलं तेवढ्यात."

तिच्या आईला, वैशालीला, हसून हसून रडू आलं. भावना हसली नाही. ताटातला भात तिने तसाच चिवडत ठेवला.

"आजा, मला काढतील ते," ती म्हणाली.

मी भूपेशला जाऊन सांगितलं, पोरीला खिडकीजवळची एक जागा कायमची देऊन टाक.

"काका, जागा फिक्स केली का धंदा खलास," तो म्हणाला. "इथं कोणाची जागा फिक्स न्हाय. हेच तर आपण विकतो."

तेव्हा मला रुमालाचं सुचलं. पूर्वी अंबाडीच्या नाक्यावर वाड्याला जाणारी एस्टी लागली की आम्ही बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकायचो. रुमाल पडला की जागा त्याची. मग तो माणूस धक्के खात सगळ्यांच्या मागून चढला तरी चालतं. रुमाल उचलून बसणारा माणूस मी बघितलेला नाही. भांडण करतील, शिव्या देतील, पण रुमाल नाही उचलणार.

भावनाचा एक पिवळ्या काठाचा रुमाल होता. तो मी सकाळी झाडून झालं की खिडकीजवळच्या खुर्चीवर टाकायला लागलो.

मितेश नावाचा एक जण दिवसभर फोनवर फ्लॅट विकतो. तो पहिल्या दिवशी रुमालासमोर येऊन उभा राहिला.

"काका, ही काय वाड्याची एस्टी हाय का? कंडक्टर कुठाय?"

"तू बस मागच्या सीटवर. सुट्टे काढून ठेव."

तो हसला आणि मागे जाऊन बसला. पुढे कोणीच काही म्हणालं नाही. शिकलेली माणसं, इंग्रजीत बोलणारी माणसं, पण रुमाल बघून बाजूने जायची. भावना दमून भागून आली की सरळ खिडकीशी जायची, रुमाल उचलून मुठीत चोळामोळा करायची आणि मला लांबूनच डोळे मिचकवायची. तिला रुमालाची घडी घालायला कधी जमलं नाही.

मॅडम खूश झाली. मीही खूश होतो.

३

एका सकाळी मी कुलूप काढून आत गेलो, झाडू घेतला आणि खिडकीशी आलो तर खुर्चीवर रुमाल होता.

पांढरा. पुरुषाचा. चार घड्या घातलेला, अगदी कडेला कड लावून.

आधी वाटलं, काल कोणीतरी विसरलं. पण काल सगळे गेल्यावर मीच खुर्च्या पुसल्या होत्या. मग वाटलं, भूपेशकडे दुसरी किल्ली आहे, तो कोणाला तरी घेऊन आला असेल. त्यात काही नवल नाही, तो गिऱ्हाइकांना जागा दाखवतोच.

मी रुमाल उचलला. ओलसर होता. घामाने होतो तसा. खाली खुर्चीवर हात टेकला तर ती गरम. कोणी आत्ताच उठून गेलं असावं अशी.

ती खिडकी मावळतीची आहे. सकाळी तिथे ऊन येत नाही.

मी थोडा वेळ रुमाल हातात धरून उभा राहिलो. दुसऱ्याने धरलेली जागा. मनात आलं, राहू द्यावा, आज पोर बसेल कुठेतरी. पण त्या दिवशी मॅडमबरोबर तिचं मोठं बोलणं होतं. कायम करण्याचं. ती रात्रभर आरशासमोर बोलायचा सराव करत होती. आणि ज्याची जागा आहे तो माणूस तर समोर नव्हता.

पाण्याच्या मशीनजवळ एक पुठ्ठ्याचं खोकं आहे. लोक विसरतात त्या वस्तू मी त्यात टाकतो. चार्जर, चष्मे, एकदा तर कोणाची कवळीसुद्धा. पांढरा रुमाल मी त्या खोक्यात टाकला आणि खुर्चीवर पिवळ्या काठाचा ठेवला.

दिवसभर मी दाराकडे बघत होतो. कोणी येऊन माझी जागा कुठे गेली म्हणून विचारेल असं वाटत होतं. कोणी आलं नाही.

४

संध्याकाळी माणसं निघाली. "येतो काका," "या." "येते काका," "या." शेजारच्या लूमवाल्यांकडचा एक भय्या आपल्या कामाला वर येतो, तो म्हणतो, "चलता हूँ चाचा." त्यालाही माझ्या तोंडून "आओ" निघून जातं. तो म्हणतो, "अरे जाने तो दो पहले," आणि हसतो. रोजचंच आहे.

सगळे गेले. भावना मात्र खिडकीशी आवरत होती. मी पाण्याच्या मशीनपाशी पेले उपडे घालत होतो. तिच्याकडे माझी पाठ.

"येतो," खिडकीकडून आवाज आला.

"या," मी म्हटलं.

पेला तसाच हातात राहिला. मी वळलो. भावना लॅपटॉप पिशवीत घालत होती. दुसरं कोणी नव्हतं.

"तू बोललीस काय?"

"काय?"

"येतो म्हणालीस."

"मी येतो कशाला म्हणू, आजा? मी काय बापया हाय?" ती हसायला लागली. "तुझ्या कानात मळ साठलाय. चल, आज मी खूश हाय. मॅडम म्हणाली, बघते."

जिना उतरताना ती माझ्यापुढे होती. रोज ती दोन दोन पायऱ्या सोडून धडाधड उतरते आणि मी ओरडतो. त्या दिवशी ती एकेक पायरी, कठड्याला धरून उतरली. जपून. छातीत दम कमी असलेला माणूस उतरतो तशी.

मला वाटलं, दमली असेल.

५

नंतर कितीतरी दिवस तसं काही घडलं नाही. जे घडत होतं ते इतकं बारीक होतं की दुसऱ्याला सांगावं तर वेड्यात काढतील.

खिडकीवरचा दिवा विझेना. भावना मान खाली घालून बसायची, बोटंसुद्धा हलायची नाहीत, तरी तिच्या डोक्यावरचा दिवा लागलेलाच. बाकीची रांग हात हलवून दमायची. मितेश म्हणाला, "भावनाच्या दिव्याचं बिल वेगळं भरतात काय?" भूपेशने वायरमन आणला. तो म्हणाला दिवा चांगला आहे, वर छतात उंदीर असेल. असेल. मी उंदराचा सापळा लावला. त्यात काही सापडलं नाही.

ती खोकायला लागली. कोरडा, बारका खोकला, तोंडावर रुमाल धरून. वैशालीने काढा केला तर ती म्हणाली, नको, बरी आहे.

एका दुपारी मी तिला चहा नेला. घरात ती मला अरे-तुरे करते. आमच्यात आजाला तसंच म्हणतात. मजल्यावर इतरांसमोरसुद्धा ती म्हणायची, "ठेव आजा, गरम हाय काय?"

त्या दिवशी ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली,

"ठेवा मामा."

मी कप ठेवला. बशीत चहा सांडला. मामा. मला तिथे आता सगळे काका म्हणतात. मामा म्हणणारी माणसं त्या दुपारी जिना उतरून गेली ती गेलीच. भावना तेव्हा शाळेत होती. ती या मजल्यावर कधी आलेलीसुद्धा नव्हती.

"काय म्हणालीस गो?"

तिने वर बघितलं. डोळे तिचेच होते. जरा लाल. "काय आजा?"

मी परत निघालो. चार पावलं गेलो असेन तोच मागून तिने विचारलं, अगदी सहज,

"कपाटात लवंगा आहेत का मामा अजून?"

जुन्या कंपनीत एक माणूस होता. त्याला सारखा खोकला. मी त्याच्यासाठी कपाटात लवंगांची डबी ठेवायचो. तो हात पुढे करायचा, मी तळव्यावर लवंग ठेवायचो. बसायचा खिडकीशीच. त्याचं नाव काय होतं ते मी आठवत राहिलो. चेहरा आठवत राहिलो. नुसता तळवा आठवतो.

६

मी खोक्यात हात घातला. चार्जर, चष्मे, एक छत्रीची मूठ. पांढरा रुमाल नव्हता. तळाशी पिवळ्या काठाचा होता, सकाळी मीच खुर्चीवर टाकलेला, आता चार घड्या घातलेला, कडेला कड लावून.

मग खिडकीशी भावनाच्या मुठीत होता तो कोणता? मी लांबून बघितलं. पांढरा.

मी पोरीचा रुमाल उलगडला, मुठीत चोळामोळा केला, ती करते तसा, आणि खिशात ठेवला. का ते मलाही सांगता येणार नाही. तो तसा घडी घातलेला मला बघवेना.

संध्याकाळी वैशालीला एवढंच सांगितलं की पोरीला बरं नाही, काही दिवस घरूनच काम करू दे. भावना लगेच हो म्हणाली. मला वाटलं होतं ती भांडेल. कंपनीने तर आधीपासून सांगितलेलंच होतं, हवं तिथे बसा.

आमच्या ओटीवर लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. तिने एक खुर्ची उचलून मावळतीच्या खिडकीशी लावली. बायका गप्पांना आल्या, थोडा वेळ बसल्या, आणि काही न बोलता एकेक उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

दुपारी मी जेवायला घरी आलो. भावना आत झोपली होती. ओटीवर कोणी नव्हतं. मी हात धुऊन लाल खुर्चीवर बसायला गेलो आणि उठलो.

गरम होती.

वैशाली आतून ताट घेऊन आली. "बाबा, ह्या पोरीला कोणी रुमाल दिला वो? बापयाचा हाय. मी रोज धुवून वाळत टाकते, पण ओल जाईनाच त्याची." आणि आवाज खाली आणून म्हणाली, "कोण पोरगा बिरगा हाय काय तुमच्या हाफिसात?"

मी म्हटलं, "न्हाय. पोरगा न्हाय."

"मग?"

मी जेवलो. तिचा नवरा केसरीनाथ, म्हणजे माझा मुलगा, ट्रेलर घेऊन गुजरातच्या लाईनीवर होता. त्याला फोनवर असलं सांगावं तर तो गाडी नीट चालवेल का? मी डॉक्टरचा विचार केला. डॉक्टर खोकला बघेल. मामा म्हणते त्याचं औषध कोण देणार?

७

आठवड्याभरात तिला कायम केल्याचं पत्र आलं. वैशालीने पेढे वाटले. भावनाने पेढा हातात घेतला, रुमालात गुंडाळला आणि ठेवून दिला. म्हणाली, उद्यापासून परत मजल्यावर जाते.

सगळ्यांना ती आवडायला लागली होती. मॅडमला, भूपेशला. "काका, तुमची नात किती शांत झाली," मितेश म्हणाला. "पहिली नुसती बडबड." घरातून निघताना ती आता कोणाला हाक मारत नाही. चपला घालते आणि निघते. वैशाली म्हणते, मोठी झाली.

त्या सकाळी जिन्याच्या तळाशी मी तिला थांबवलं. गाल्यात हमाल खोकी फेकत होते, आमचं बोलणं कोणाला ऐकू जाणार नव्हतं. मी हात जोडले. स्वतःच्या नातीसमोर हात जोडायचे म्हणजे काय होतं ते मी सांगू शकत नाही.

"मी तुमचा रुमाल उचलला," मी म्हटलं. "चूक माझी हाय. तुम्ही येतो म्हणून गेला होता आणि मी या म्हटलं होतं. तुमची जागा तुम्ही घ्या. पण ही पोरीची जागा हाय. ही सोडा."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. माया असल्यासारखीच. कोणीतरी जुन्या माणसाला ओळखतं, पण त्याच्यासाठी आता काही करू शकत नाही, तसं. मग रुमाल तोंडावर धरून ती थोडं खोकली.

"मामा," ती म्हणाली, "इथे कोणाची जागा फिक्स नाही."

आणि कठड्याला धरून एकेक पायरी वर गेली.

मी खालीच बसलो. एक हमाल पाणी घेऊन आला. "क्या हुआ चाचा, चक्कर आया?" मी म्हटलं, हां. पाणी प्यालो. खिशात हात गेला तर पिवळ्या काठाचा रुमाल होता. चोळामोळा केलेला. आणि तो गरम होता. मुठीत धरलेला असावा तसा.

तेव्हा मला कळलं, निदान वाटलं, की पोर कुठे गेलेली नाही. ती कुठेतरी उभीच आहे. एस्टीत जागा नसली की माणूस दांड्याला धरून उभा राहतो, तशी.

८

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तो रुमाल खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवला. आता तिथे दिवसा ती दुसरी बसते. पण संध्याकाळी खुर्ची रिकामी असते, आणि रिकाम्या जागेवर रुमाल टाकायला कोणाची ना नाही.

मी दाराशी गेलो. मजल्यावरचे दिवे मागून एकेक विझत आले. खिडकीवरचा राहिला.

"येते आजा," आवाज आला.

बारीक, पण तिचाच. तोच हेल, 'आजा'मधला शेवटचा 'जा' ओढण्याची तीच खोड.

"ये गो," मी म्हटलं. "ये बाय. मी जागा धरलीय."

तेव्हापासून रोज असंच. सकाळी त्या दुसरीच्या आधी जाऊन मी रुमाल उचलतो, दिवसभर छातीशी खिशात ठेवतो आणि संध्याकाळी परत ठेवतो. कुलूप लावून खाली येतो. ती दुसरी जिन्याखाली माझी वाट बघत उभी असते. मग आम्ही दोघं बाजूच्या रस्त्याने घरी चालत जातो. ट्रकांचा धुरळा, टपऱ्यांची भजी, ओळखीची माणसं. लोक म्हणतात, नात आजाला सांभाळून नेते. ती खरंच सांभाळून नेते. खड्डा आला की माझा दंड धरते. तिचा तळवा मला ओळखीचा आहे.

रस्त्यावरून वळून बघितलं की आमचा मजला दिसतो. सगळा काळोख आणि कडेची एक खिडकी उजळलेली. खाली माणूस हलला की तो दिवा लागतो. मी ते धरून चालतो. सुरुवातीला पुलाच्या वळणापर्यंत तो दिवा दिसायचा, लागलेलाच. मग चहाच्या टपरीपर्यंत. मग पेट्रोलपंपापर्यंतसुद्धा नाही.

मी मनाशी म्हणतो, दिवा बिघडला असेल. वायरमन बोलवायला हवा. उंदीर मेला असेल छतातला.

काल 'येते' ऐकायला मी दाराशी बराच वेळ उभा राहिलो. आवाज आला की नाही ते मला नीट सांगता येत नाही. खाली माल उतरत होता, हमाल ओरडत होते. मी आपला 'ये' म्हटलं आणि कुलूप लावलं.

रस्ता ओलांडून मी वळलो. खिडकी उजळलेली होती. काचेमागे कोणीतरी उभं होतं, बसलेलं नव्हतं, एक हात वर करून उभं होतं. दांड्याला धरल्यासारखा. की दिव्याला हलवून दाखवायला वर केलेला, कोण जाणे. हातात काहीतरी पिवळं होतं.

तो हात हलत नव्हता.

"मामा, चला ना," शेजारून ती म्हणाली. तिने माझा दंड धरला. "कोणाची वाट बघताय?"

दिवा विझला.

मी तिथेच उभा राहिलो. मागून ट्रक भोंगे वाजवत होते. ती हळूच खोकली आणि तिने माझा दंड थोडा ओढला. मी वर बघत राहिलो, त्या काळ्या काचेकडे.

"हल गो बाय," मी म्हटलं. "जरा हल."